शंभर रुपये दंड आणि काचेमागचं पिल्लू

(या भागाचा हा लिखित उतारा. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.)

“भावा, लॅब घ्यायचाय, कोल्हापुरात चांगलं दुकान सांग की.” हा मेसेज मला महिन्यातनं दोनदा तरी येतो. आमच्या राधानगरीतनं कुणाला जातिवंत पिल्लू हवं असलं की तो एकतर कोल्हापूरची एसटी धरतो, नाहीतर इन्स्टाग्राम उघडतो. इन्स्टाग्रामवर तर हस्कीपण मिळतो, पगपण मिळतो. ‘पेपरसह एवढे, बिनपेपर एवढे’ असे दोन रेट असतात, आणि ॲडव्हान्स पाठवला की पिल्लू ट्रॅव्हल्सच्या गाडीतनं खोक्यात बसून येतं.

दुकान सांग म्हटलं की मी उलटा प्रश्न विचारतो. त्या दुकानाचा नोंदणी क्रमांक काय? समोरचा गप्प होतो. कारण अशी नोंदणी असते हेच बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून आज तेच बोलू. कुत्र्याची पिल्लं विकणाऱ्या दुकानांसाठी आपल्याकडं कायदा काय आहे, तो आला कसा, तो चालत का नाही, आणि तुमच्या-माझ्यासारख्यानं त्यासाठी नक्की कुठं जाऊन डोकं लावायचं.

पहिली गोष्ट, कायदा आहे. ‘भारतात प्राण्यांसाठी काही कायदाच नाही’ असं चहाच्या टपरीवर ऐकायला येतं, ते खरं नाही. केंद्र सरकारनं २३ मे २०१७ ला कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी नियम काढले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पेट शॉपसाठी वेगळे नियम काढले. दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात.

या नियमांत काय आहे ते थोडक्यात सांगतो. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी केल्याशिवाय दुकान चालवता येत नाही. नोंदणीची फी पाच हजार रुपये, आणि ते प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं दुकानात लावायचं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कुत्री दीड वर्षाची व्हायच्या आत तिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षातनं एकच वेत, आणि अख्ख्या आयुष्यात पाचच वेतं. पैदास करणाऱ्यानं कुत्र्यांना मायक्रोचिप बसवायची, कोणतं पिल्लू कुणाला विकलं याची नोंद ठेवायची. आणि महत्त्वाचं म्हणजे ‘ब्रीडर’ या शब्दाच्या व्याख्येत मधला दलाल आणि व्यापारीपण धरलाय. म्हणजे “आमचं दुकान नाही ओ, आम्ही फक्त मिळवून देतो” म्हणणारा इन्स्टाग्रामवाला सुटत नाही. निदान कागदावर तरी.

२३ मे २०१७ ही तारीख काहींना वेगळ्या कारणानं आठवत असेल. त्याच दिवशी गुरांच्या बाजाराचे नियम निघाले होते आणि देशभर गदारोळ झाला होता. टीव्हीवर महिनाभर तेच, मद्रास उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, शेवटी सरकारनं ते नियम मागं घेतले. त्या धुरळ्यात कुत्र्यांचे नियम कुणाच्या नजरेलाच पडले नाहीत. ना विरोध झाला ना स्वागत. कुणी भांडलंच नाही, त्यामुळं ते टिकले. आणि कुणी भांडलंच नाही, त्यामुळं ते कुणाला माहीतही नाहीत.

आता आठ आठवड्यांची अट. ही मला सगळ्या नियमांत सगळ्यात कामाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो.

दुकानदाराचं गणित सरळ आहे. पिल्लू जितकं लहान तितकं ते गोंडस दिसतं आणि तितकं लवकर विकलं जातं. एक महिन्याचं पिल्लू म्हणजे लोकरीचा गोळा. तेच तीन महिन्यांचं झालं की लांब पायांचं, दात लागलेलं, चपला फाडणारं कार्टं होतं, आणि भाव उतरतो. शिवाय तोवर खायला घालायचा खर्च वेगळा. म्हणून पाच आठवड्यांचं पिल्लू ‘दोन महिन्यांचं आहे’ म्हणून गळ्यात मारलं जातं.

पण पिल्लाच्या अंगात या काळात काय चाललेलं असतं? जन्मल्यावर आईच्या पहिल्या दुधातनं त्याला प्रतिपिंडं मिळतात. ती हळूहळू कमी होत जातात. लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होते आणि पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी परत परत द्यावी लागते, कारण आईची प्रतिपिंडं अंगात असेपर्यंत ती लसीलाही काम करू देत नाहीत. म्हणजे मध्ये एक काळ असा येतो की आईचं संरक्षण संपलेलं असतं आणि लसीचं अजून सुरू झालेलं नसतं. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगतो: जुना सर्व्हर बंद केलाय आणि नवा अजून चालू झालेला नाही. नेमक्या त्या काळात आपण त्याला आईपासून तोडतो, खोक्यात घालतो, दहा ठिकाणच्या दहा पिल्लांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवतो.

तिथं पार्व्हो येतो. हा विषाणू विष्ठेतनं पसरतो आणि जमिनीवर, पिंजऱ्यावर, भांड्यांवर महिनोन्‌महिने जिवंत राहतो. साध्या फिनेलच्या पुसण्यानं तो जाईल याची खात्री नाही, ब्लीच लागतं. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून जास्त. हे तीन ते सात दिवस नीट लक्षात ठेवा. माझ्या एका मित्रानं गेल्या पावसाळ्यात पिल्लू आणलं. पहिले चार दिवस घरभर पळत होतं. पाचव्या दिवशी उलट्या, सहाव्या दिवशी रक्ताचे जुलाब, आणि आठव्या दिवशी कोल्हापूरला सलाईन लावलेलं असताना गेलं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, “तुम्ही दूध-भाकरी घातली असणार.” मित्राच्या आईनं खरंच दूध घातलं होतं, त्यामुळं ती माउली अजूनही स्वतःलाच दोष देते. तिला मी सांगितलं, काकू, दुधानं पोट बिघडतं, पार्व्हो होत नाही. तारखा मागं मोजत गेलं तर लागण घरी यायच्या आधीची निघते. दुकानाचं नाव मी घेणार नाही. माझ्याकडं पुरावा फक्त व्हॉट्सॲपचा आहे. पावती कच्च्या कागदावर, त्यावर ना पिल्लाचं वय, ना नोंदणी क्रमांक, ना डॉक्टरचं नाव.

आणि ‘केसीआय पेपर’ म्हणजे दर्जा, हा गैरसमज काढून टाका. केनेल क्लबची नोंद वंशावळ सांगते, म्हणजे आई-बाप कोण, आजा-पणजा कोण. पिल्लू कुठल्या अंधाऱ्या खोलीत वाढलं, आईची किती वेतं झाली, हे तो कागद सांगत नाही. कुंडली उत्तम असली म्हणून तब्येत उत्तम असते असं थोडंच आहे.

मग एवढे नियम असून हे चालतं कसं? दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे दंड. १९६० च्या कायद्यात पहिल्या वेळच्या क्रूरतेला दंड आहे दहा रुपये ते पन्नास रुपये. मी परत सांगतो, पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत परत केलं तर शंभर रुपयांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि या कायद्याखालचे नियम मोडले, म्हणजे आपल्या पेट शॉपचे नियम मोडले, तर शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कैद कागदावर आहे, पण मुळात तिथवर जाणार कोण? एक प्लेट तांबडा-पांढरा येत नाही शंभरात. नियमांचा खरा दात वेगळा आहे: नोंदणी रद्द करणं आणि प्राणी ताब्यात घेणं. पण ज्यानं नोंदणीच केली नाही त्याची रद्द काय करणार?

दुसरं कारण यंत्रणेचं. राज्य मंडळ एक, जिल्हे छत्तीस. खालचं काम पशुसंवर्धन खात्याच्या माणसांवर येतं. आता त्या खात्याची बाजूपण बघा. आमच्याकडच्या सरकारी पशुवैद्यकाला म्हशीचं अडलेलं वेत, लाळ्या-खुरकुताचं लसीकरण, शेळ्यांचा विमा, हे सगळं बघायचं असतं. त्यानं त्यातनं उठून पग कुठल्या पिंजऱ्यात ठेवलाय ते बघायला जावं ही अपेक्षा आपण कुणीतरी मोठ्यानं बोलून दाखवल्याशिवाय पूर्ण होणार नाही. कुणी विचारतच नाही म्हटल्यावर ते काम यादीत शेवटी जाणार.

आणि इथंच आपण येतो. ‘लॉबिंग’ म्हटलं की डोळ्यासमोर सूट-बूट आणि ब्रीफकेस येते. पण हा कायदाच मुळात एका व्यक्तीच्या पाठपुराव्यानं आलाय. रुक्मिणीदेवी अरुंडेल, भरतनाट्यमच्या मोठ्या कलावंत, चेन्नईच्या कलाक्षेत्राच्या संस्थापक, १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या. त्यांनी प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. पंतप्रधान नेहरूंनी सरकार स्वतः कायदा आणेल असं आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागं घेतलं. त्यानंतर १९६० ला कायदा झाला, १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं आणि त्याच पहिल्या अध्यक्ष झाल्या. मंत्री नसताना हे झालं.

पेट शॉपच्या नियमांची गोष्टपण अशीच रखडत आलेली आहे. मसुदा २०१० मध्येच तयार होता. तो पडून राहिला. मग ऑगस्ट २०१५ मध्ये विधी आयोगानं खास या विषयावर अहवाल दिला, क्रमांक २६१: पेट शॉप, कुत्र्यांची पैदास आणि शोभेच्या माशांची पैदास यांच्यावर नियंत्रण हवं की नको. तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, म्हणजे आपले सोलापूरचे. आयोगानं स्पष्ट सांगितलं की १९६० च्या कायद्याखाली असे नियम करता येतात आणि ते करावेत. त्यानंतर दोन वर्षांनी एक, तीन वर्षांनी दुसरे नियम आले. २०१० ते २०१८. आठ वर्षं! आमच्या कंपनीत एवढा उशीर झाला असता तर क्लायंट बदलला असता, पण सरकारच्या हिशेबात हे ठीकठाकच म्हणायचं.

आता दंडाबद्दल एक गोष्ट सांगतो, ती कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला लगेच कळेल. बैलगाडा शर्यत.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली, ती याच १९६० च्या कायद्याच्या आधारानं. मग गाडामालक, शेतकरी, गावोगावच्या यात्रा कमिट्या, सगळे उठले. मोर्चे निघाले, आमदारांच्या घरी चकरा झाल्या. प्राण्यांवरची क्रूरता रोखणं हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्राबरोबर राज्यालाही कायदा करता येतो, आणि केंद्राच्या कायद्यात राज्यापुरता बदल राष्ट्रपतींच्या मंजुरीनं करता येतो. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये तसा बदल केला. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. तुम्ही शर्यतीच्या बाजूचे असा नाहीतर विरोधातले, त्यात मी आज पडत नाही. मला दाखवायचंय ते वेगळंच. त्या २०१७ च्या दुरुस्तीत अट मोडून बैलाला इजा केली तर शिक्षा किती ठेवली माहितेय? पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

म्हणजे तोच कायदा, तेच राज्य. एका कलमाला पाच लाख आणि दुसऱ्याला शंभर रुपये. ‘दंड वाढवणं केंद्राच्या हातात आहे, आपण काय करणार’ असं कुणी म्हटलं तर त्याला हे उदाहरण द्या. राज्याला जमतं, जमलेलं आहे. बैलगाड्यासाठी माणसं उभी राहिली. पिल्लासाठी अजून राहिली नाहीत, एवढाच फरक. केंद्रानंही २०२२ च्या नोव्हेंबरात कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढून लोकांच्या सूचना मागवल्या होत्या, त्यात दंड वाढवायचं होतं. सूचनांना मुदत जेमतेम दोन आठवड्यांची होती. तो मसुदा पुढं कायदा झाला नाही.

बाहेरच्या देशांत गोष्ट पुढं गेलीये. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून ‘लुसीज लॉ’ लागू आहे. लुसी ही वेल्समधल्या एका पैदास केंद्रातनं सोडवलेली कुत्री, वेतांमागनं वेतं काढून तिचा पार सांगाडा झाला होता. एका पशुवैद्यकानं आणि कार्यकर्त्यांनी तिच्या नावानं मोहीम चालवली, सुमारे दीड लाख लोकांनी संसदेच्या याचिकेवर सह्या केल्या. आता तिथं सहा महिन्यांखालचं पिल्लू तिसऱ्या माणसाला विकताच येत नाही. घ्यायचं तर जिथं जन्मलं तिथं जाऊन, आईसोबत बघून घ्यायचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २०१९ पासून दुकानातल्या व्यापारी पैदाशीच्या पिल्लांवर बंदी आणली, फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२४ पासून दुकानात कुत्री-मांजरं विकायला बंदी आहे.

माझं मत विचाराल तर आपल्याकडं आज लगेच सरसकट बंदी नको. दुकानाला पत्ता असतो, शटर असतं, तिथं अधिकारी जाऊ शकतो. बंदी आणली तर सगळा धंदा फोनमध्ये शिरेल, आणि फोनमध्ये नाव बदलायला दोन मिनिटं लागतात. काही दुकानदार खरोखर जिवापाड जपतात, त्यांनाही त्यात भरडू नये. आणि घाईनं काढलेल्या फतव्याचं काय होतं ते आपण मार्च २०२४ मध्ये बघितलंय: केंद्रानं पिटबुल, रॉटवायलरसकट २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, आणि महिनाभरात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांत ते रद्द झालं. संबंधितांना विचारलंच नव्हतं.

त्यापेक्षा दोन साध्या मागण्या मला जास्त पटतात. नोंदणी झालेल्या दुकानांची आणि ब्रीडरांची यादी जिल्हावार ऑनलाइन टाका, कुणालाही नंबर टाकून शोधता येईल अशी. हे काम किती मोठं आहे? माझ्यासारख्याच्या एका आठवड्याचं. आणि पिल्लाची जाहिरात, मग ती फ्लेक्सवर असो नाहीतर रीलमध्ये, तिच्यावर नोंदणी क्रमांक सक्तीचा करा. मग ‘चांगलं दुकान सांग’ म्हणणाऱ्याला माझ्याकडं यावंच लागणार नाही. दंडवाढ ही तिसरी, पण तिला विधानसभा लागते, म्हणून तिला वेळ लागणार.

आता कामाचं. सुरुवात माहितीच्या अधिकारानं करा. दहा रुपये फी, ऑनलाइनही भरता येते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणं एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, त्यामुळं निबंध लिहू नका. जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाला विचारा: जिल्ह्यात २०१८ च्या नियमांखाली नोंदणी झालेली पेट शॉप किती, त्यांची यादी द्या, आणि तपासणी कोणत्या तारखांना झाली त्या अहवालांच्या प्रती द्या. ‘का केली नाही’ असं विचारू नका. माहितीच्या अधिकारात ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागद मिळतो.

उत्तर ‘निरंक’ आलं तरी निराश होऊ नका, उलट तोच सगळ्यात भारी कागद. तो घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो तिथं जा. प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती जिल्हाधिकाऱ्यांच्याच अध्यक्षतेखाली असते, म्हणजे दार बरोबर आहे. एक प्रत पुण्याला पशुसंवर्धन आयुक्तालयाकडं, एक आपल्या आमदारांना. आमदारांना पत्र देताना ‘प्राण्यांवर प्रेम करा’ असं लिहू नका, ‘या विषयावर तारांकित प्रश्न मांडावा’ असं लिहा आणि प्रश्न तयार करून सोबत जोडा. कार्यालयात पीए असतो, त्याचं काम सोपं केलं की पत्र वरच्या ढिगात जातं.

“राधानगरीत बसून याचं काय पडलंय तुला?” असं एकानं विचारलं. पडलंय, कारण हौस फिटली की यातली काही कुत्री दाजीपूरच्या रस्त्याला आणून सोडली जातात. मी स्वतः घाटाच्या कडेला एक अर्धवट केस गेलेला जर्मन शेफर्ड बघितलाय, प्रत्येक गाडीच्या मागं पळत होता. इकडं अभयारण्य आहे, गवे आहेत, रानकुत्री आहेत. लस न घेतलेलं कुत्रं जंगलात गेलं की आपले आजार घेऊन जातं. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसच्या वर सिंह मेले, त्यातल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांत सर्रास असणारा आजार, आणि लस आहे त्याच्यावर.

तर, माझा अर्ज मी टाकलाय. वर सांगितले तेच प्रश्न, एकशे बारा शब्द. मित्राच्या आईनं दहा रुपये दिले, मी नको म्हटलं तरी. उत्तर येईल त्या आठवड्याच्या भागात ते जसंच्या तसं वाचून दाखवतो. तुम्ही सांगली, सातारा, बेळगावकडं असाल तर आपापल्या जिल्ह्यात टाका आणि आलेल्या कागदाचा फोटो पाठवा. स्वतःचं नाव-पत्ता झाकून पाठवा, आवक क्रमांक मात्र दिसू दे.